ऐका, मशीन कसं रडतंय

जळगाव,
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय रूपाताई,

तुझ्या मावसबहिणीचा, सुलूचा नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच ठेवून देशील असं वाटलं, म्हणून वरचा पत्ता आमच्या शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला आणि नाव मेघाताईचं घातलं. चाळीसगावला तू तिच्याकडे आहेस, तिच्याच शिवणकामाच्या दुकानात बसतेस, एवढंच तिने मला सांगितलं. बाकी काही सांगायला तयार नव्हती. "फोन करू नकोस सुलू, ती उचलत नाही. आणि मीही तिच्या हातात देणार नाही. लिहायचं असेल तर लिही," म्हणाली. कॉलेजात आपल्या सगळ्यांत मऊ होती मेघाताई. बरं झालं, तुझ्याजवळ ती आहे.

इकडचं सांगायचं तर ऊन अजून कमी झालेलं नाही. दुपारी सगळं जळगाव दारं लावून बसतं. पितांबरमामांनी सोनगीरच्या रानात कापसाची तयारी करून ठेवली आहे. त्यांचा गुडघा पुन्हा सुजला, तरी मोटारसायकल सोडत नाहीत. आईबाबा नवसारीहून कायमचे धुळ्याला आले, देवपूरला दोन खोल्या घेतल्या. मावशी, तुझी माय, बरी आहे. म्हणजे चालते-फिरते, रांधते, जेवते. मी दर रविवारी जाते तिच्याकडे.

मी चॅनल सोडलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला. सध्या एका क्लासमध्ये मुलांना मराठी शिकवते.

तुला वाटेल, हे काय सांगत बसली आहे. मलाही तसंच वाटतंय. बातम्या वाचायची सवय लागली की माणूस आधी हवामान सांगतो.

तर तो व्हिडिओ. तू पाहिला आहेस. तुला तो कुणी दाखवला आणि दाखवताना काय म्हणाला, तेही मला मामांकडून कळलं. म्हणून मी तो कसा झाला ते सांगते, पहिल्यापासून.

तुला आठवत असेल, चॅनलवर मी लागले तेव्हा आम्ही भाजीबाजार, पाणीटंचाई, एस.टी.चे अपघात असलंच दाखवायचो. यूट्यूबवर बघणारे मोजकेच. मग एकदा आमच्या मालकांनी, लीलाधर सरांनी, कुठून तरी एक क्लिप आणली आणि वर मोठ्या अक्षरांत 'एआय' लिहिलं. त्या दिवशी बघणाऱ्यांचा आकडा असा चढला की सरांनी ऑफिसात शेवभाजी मागवली. तिथून आमचं ठरूनच गेलं. एआय मास्तरांच्या नोकऱ्या खाणार. एआय तुमच्या मोबाईलमधून तुमचं बोलणं ऐकतंय. आणि पुढच्याच आठवड्यात, एआय सांगणार कापसाचा भाव. कधी राक्षस, कधी देव. मधलं काही चालायचं नाही. मी एकदा विचारलं, "सर, हे नक्की काय असतं, कुणाला तरी जाणकाराला बसवू या का?" सर म्हणाले, "जाणकार आला की लोक झोपतात."

मीच ते सगळं वाचत होते. गालावर हात ठेवून, आवाज खाली आणून. मला ते चांगलं जमत होतं ताई.

मग आली आवाजाच्या फसवणुकीची बातमी. मशीन माणसाचा आवाज चोरतं आणि त्याच्या घरच्यांना फोन करून पैसे मागतं, ही. हे खोटं नाही, असं होतं. पण आमच्याकडे आलेली घटना दूरच्या कुठल्या तरी राज्यातली होती. सरांनी तिथे 'नशिराबादचे आजोबा' असं घातलं. "लांबचं दुखणं कुणाला दुखत नाही," म्हणाले. नशिराबादला तसे कुणी आजोबा नव्हते. मी त्या आजोबांचं रडणंसुद्धा वर्णन करून सांगितलं. शेवटी कॅमेऱ्याकडे बोट करून म्हटलं, "आवाज तुमच्या माणसाचा असेल, पण माणूस तुमचं नसेल. अनोळखी नंबर असेल, तर पोटच्या पोरावरही विश्वास ठेवू नका."

ते वाक्य माझं. सरांनी लिहून दिलेलं नव्हतं.

मावशी माझी प्रत्येक बातमी बघायची, हे तुला माहीत आहेच. अकरावी-बारावीला मी तुमच्याकडे राहिले तेव्हाही ती मला पेपर मोठ्याने वाचायला लावायची. आता तर ओट्यावर बायका जमवून मोबाईल मधे उभा करायची. त्या बातमीनंतर सोनगीरला काय झालं माहीत आहे? मामांनी कृषी खात्याच्या खऱ्या माणसाला फोनवर शिव्या दिल्या. बँकेतून केवायसीसाठी फोन आला तर बायका "ये-आय, ये-आय" म्हणत कट करायच्या. मला ऐकून हसू यायचं आणि जरा अभिमानही वाटायचा. आपल्या शब्दावर अख्खा गाव हलतो, असं.

होळीला गेले होते तेव्हा मावशीच्या फोनमध्ये मीच सेटिंग करून दिलं, प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हावा म्हणून. पुरावा राहतो, म्हटलं.

त्यानंतर पंधरवड्याने तुझा फोन आला.

पुढचं तुला माहीत आहे. मावशीने तुझं ऐकलं नाही, कट केला, पुन्हा आलेला फोनही घेतला नाही. आणि आम्ही त्याची बातमी केली. सोनगीरच्या सावध मातेने उधळला एआयचा डाव. खाली, 'ऐका, मशीन कसं रडतंय'. बचतगटाच्या बायकांनी मावशीला शाल आणि नारळ दिला, तेही शूट करून आणलं. चार लाख लोकांनी पाहिलं ताई. खाली लोकांनी लिहिलं होतं, आवाज किती हुबेहूब, एवढं तर माणूसही रडत नाही. हसण्याची चित्रं टाकली होती.

आम्हाला कळलं ते आखाजीला, अक्षय्य तृतीयेला. मावशीने तुझ्यासाठी झोका बांधून घेतला होता. जावईबापूंना, योगराजला, फोन केला की ते दर वेळी "ती कामात आहे, मग बोलेल" म्हणायचे, तेव्हा तिला वाटलं, पोरगी सासरी रमली. म्हणून मामा तुला आणायला मुराळी होऊन सुरतेला गेले. मी त्या दिवशी सोनगीरलाच होते. मावशी चुलीपुढे खापरावर मांडे टाकत होती, मी रसाच्या कोया पिळत होते. मामा एकटेच आले. पाणीसुद्धा न घेता पायरीवर बसले आणि मावशीला म्हणाले, "बेबा, पोर येत नही. ती म्हनस, माय माले मशीन म्हननी."

आई तुला मशीन म्हणाली, म्हणजे काय, ते पहिल्यांदा कुणालाच समजलं नाही. मग मामांनी सांगितलं, तुझ्या मनगटावरचे वळ, तू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काय काय बोललीस ते. योगराजने तुझा फोन काढून घेऊन तुला बाहेर काढलं होतं. सुरतेजवळच्या उधन्याच्या स्टेशनवर कुणा बाईचा मोबाईल मागून तू तुला पाठ असलेला एकच नंबर लावलास. मग ऊन उतरेपर्यंत त्या बाकावर बसलीस आणि परत त्याच दारात गेलीस. चार दिवसांनी योगराजने तुझ्यापुढे व्हिडिओ धरला, "बघ, तुझ्या मायलाच तू खोटी वाटतेस. आता कुणाकडे जाशील?"

खापरावरचा मांडा जळाला. मावशीने तो काढला, बाजूला ठेवला आणि दुसरा टाकला. मामा तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर ओरडले असतील. "कशी माय शे तू? निदान सुलूले तरी इचारती! पोर सांगत व्हती, सुलूले इचार!"

मावशी पुन्हा खापराकडे वळली.

आता थांबते. हात भरून आला आहे. उद्या सोनगीरला जायचं आहे. तिथून पुढचं लिहीन.

*

सोनगीर,
रविवार, १५ जून

ताई, काल हात भरून आला नव्हता. पुढचं लिहायचं नव्हतं.

मावशी दुपारची पडली आहे. आपल्या खोलीत, खिडकीजवळच्या त्या लोखंडी टेबलावर बसून लिहिते आहे. आता गोल गोल न फिरता सांगते.

मावशीने विचारलं होतं. मला.

तू म्हणालीस, "सुलूले इचार," आणि तिने पहिला फोन कट करून लगेच मलाच लावला. मी स्टुडिओत होते, तोंडाला पावडर लावून घेत होते. ती घाबरलेली होती. "सुलू, रूपाना आवाजमा कोनी तरी बोली ऱ्हायनं. रडस. स्टेशनवर शे म्हनस. ते तुनं ये-आय शे का?"

मी विचारलं, "नंबर कुणाचा?"

"म्हाईत नही."

"मग तेच आहे मावशी. दुसऱ्यांदा आला तर उचलू नकोस, ब्लॉक कर."

"रूपाले लाऊ का?"

"तू काही लावू नकोस. तुझा नंबर त्यांच्या हातात आहे आता. मी बघते, मी चौकशी करते."

याला मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. मी तुझा नंबर लावला. बंद होता. योगराजचा नंबर माझ्याकडे होता, तो लावला नाही. बातमीपत्र सुरू व्हायचं होतं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. बातमीपत्राला वेळ होता ताई.

संध्याकाळी मावशीने पुन्हा विचारलं, "रूपासंगे बोलनी का?" मी म्हटलं, "हो, सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस." मी बोललेच नव्हते. तिचं समाधान व्हावं म्हणून म्हटलं आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्यापुढे एवढी हसत बोलली, ती त्या 'ठीक आहे'वर. पोरगी सुखरूप आहे हे तिला माझ्याकडून कळलेलं होतं. म्हणून ती हसली. तू त्या व्हिडिओत तुझ्या आईला हसताना पाहिलंस, तेव्हा हे तुला माहीत नव्हतं.

अजून एक आहे. ते लिहिलं की झालं.

रेकॉर्डिंग मावशीने मला पाठवलं आणि मी ते कानाला हेडफोन लावून ऐकलं. तुमच्याकडे राहत होते तेव्हा दोन वर्षं मी तुझ्या शेजारच्या गादीवर झोपले. तुला ताप आला की तू कशी कण्हतेस, तेही मला माहीत आहे. मावशीने तुला असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. तू तिच्यापुढे कधी रडलीच नाहीस. म्हणून ती कॅमेऱ्यापुढे म्हणाली, "मन्ही रूपा अशी रडत नही." ती खोटं बोलली नाही, ताई. तिला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बारावीला तुला पुढे शिकवायचं नाही असं तुझ्या बाबांनी ठरवलं, त्या दिवशी याच खोलीत उशीत तोंड खुपसून तू अश्शीच रडली होतीस, मधेच श्वास अडकून. तोच आवाज माझ्या कानात होता.

आणि मग तू म्हणालीस, "सुलूले इचार. सुलू वळखी मना आवाज."

 मला 'सुलू' घराबाहेर कुणी म्हणत नाही, चॅनलवर मी सुलक्षणा. मी हेडफोन काढून ठेवला. मग स्वतःलाच म्हटलं, मशीनला सगळं कळतं, फेसबुकवरून उचललं असेल. आपणच तर रोज सांगतो ना, त्याला सगळं कळतं. लोकांना घाबरवता घाबरवता मीही तेच मानायला लागले होते, असं म्हणता येईल. लीलाधर सरांना मी तसंच सांगितलं होतं. पण तुला ते सांगणार नाही. मानत नव्हते मी. मला नुसती शंका आली, आणि ती शंका नको होती, कारण बातमी फार सुंदर झाली होती. गाव आपलं, मावशी आपली, आवाज अंगावर काटा आणणारा.

तुझं ते वाक्य मी कापलं. स्वतःच्या हाताने, संगणकावर, पुढचं-मागचं जोडून. सर म्हणाले, "मधे काय उडवलंस?" मी म्हटलं, "काही नाही, खरखर होती."

मामांना तू म्हणालीस ना, "सुलूले इचार म्हटलं, तरी मायने तेवढंही केलं नाही, व्हिडिओतसुद्धा ते नाही." तिने केलं होतं, ताई. व्हिडिओत नाही कारण मी ते काढून टाकलं. तुझा सगळा राग तू तिच्यावर काढते आहेस आणि मी आखाजीपासून तो तिला घेऊ देते आहे.

त्या दिवशी मामा ओरडले, तेव्हा मी रसाचं पातेलं धरून तिथेच उभी होते. मावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खापराकडे वळली. तिने माझं नाव घेतलं नाही. मामांपुढे नाही, गावातल्या बायकांपुढे नाही, आईपुढेही नाही. ज्या बायकांनी शाल दिली त्याच आता तिच्याशी बोलताना अडखळतात. मी महिनाभर गप्प राहिले. मग एका रविवारी मला सहन होईना. तिच्या पुढ्यात बसून कापलेल्या वाक्याचंसुद्धा सांगितलं. विचारलं, "तू सांगत का नाहीस, मला विचारलं होतंस म्हणून?"

ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुनं नाव सांगीसन काय व्हयी? कान ते मनाच व्हतात."

म्हणजे नाव सांगून काय होणार, कान तर माझेच होते. एवढंच. रागावली असती, हाकलून दिलं असतं, तर बरं झालं असतं. तिने मला जेवायला वाढलं.

सोमवारी मी सरांना म्हटलं, व्हिडिओ काढा. ते म्हणाले, "चार लाख माणसं सावध झाली त्याने. धुळ्यात एक बाई खरोखर वाचली, तिच्या मुलाने फोन करून सांगितलं. आता खुलासा केला तर लोक पुन्हा गाफील होतील." ते सगळं खोटं नव्हतं, तेच वाईट. मी म्हटलं, "मग निदान रूपाताईचा आवाज तरी काढा." ते म्हणाले, "आवाजच तर व्हिडिओ आहे."

तेव्हा मी सोडलं. माझ्या स्वतःच्या पानावर मी एक व्हिडिओ टाकला. तुझं नाव, गाव, आवाज काहीच घेतलं नाही. एवढंच सांगितलं की ती बातमी खोटी होती, रडणारं मशीन नव्हतं, बाई होती, आणि ती खरी आहे हे तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. दीडेकशे लोकांनी पाहिला. खाली पहिलीच प्रतिक्रिया काय आली असेल? "सावधान, हा व्हिडिओ एआयने बनवलेला आहे. खऱ्या सुलक्षणा मॅडम असं बोलणार नाहीत." त्याला पसंती माझ्या व्हिडिओपेक्षा जास्त होती. मी उत्तर लिहिलं, मी खरीच आहे. तर म्हणे, मशीनही असंच म्हणतं.

मला राग आला नाही. त्यांना हे शिकवलं कुणी?

तू निम्मा मे उलटल्यावर एकटीच पिशवी घेऊन निघालीस आणि सोनगीरला न उतरता चाळीसगावला गेलीस, हे कळलं तेव्हा मावशी म्हणाली, "बरं करनी." चांगलं केलंस, म्हणाली. 

मी तुझ्याकडे माफी मागणार होते. लिहिता लिहिता ते मागे पडलं. आता वाटतं, ती मागितली तर तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. तू मला कधीच बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. हे पत्र मामांना वाचून दाखव, मेघाताईला दाखव, योगराजविरुद्ध तक्रार करायची असेल तर तिथे दे. कट न केलेलं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते तुझं आहे. म्हणशील तर पाठवीन, म्हणशील तर पुसून टाकीन. तुला विचारल्याशिवाय ते आता कुणी ऐकणार नाही, मीसुद्धा नाही.

मावशीचं मात्र एक सांगायला हवं. काल 'बरी आहे' लिहिलं, ते अर्धंच.

ती आता प्रत्येक फोन उचलते. कसलाही नंबर असो. कर्जवाले, विमावाले, नुसतं रेकॉर्ड केलेलं बोलणं लावून देणारे, कुणीही. चुलीवर दूध असलं तरी ते सोडून धावते, फोन कानाला लावते आणि समोरून काही बोलायच्या आधी स्वतःच म्हणते, "हा रूपा, बोल. मी आयकी ऱ्हायनी." मग पलीकडची मुलगी हप्त्यांची माहिती सांगत असते आणि मावशी शेवटपर्यंत ऐकून घेते. न जाणो. मी तिला सांगितलं, असं नाव घेऊ नकोस, उद्या खरंच कुणी रूपाताईचं नाव सांगून फसवील. तर म्हणाली, "फसू दे."

आताही तिकडे वाजला. उठली. ऐक, पायऱ्या उतरते आहे.

कंपनीचा होता.

ताई, माझ्याशी बोलू नकोस. पण तिला एकदा फोन कर. कुणाच्याही मोबाईलवरून कर, काही बोलली नाहीस तरी चालेल, नुसता श्वास घेतलास तरी ती ओळखेल.

तुझा आवाज ओळखूनही तो कापणारी,
सुलू